ओस नगरीचे दस्तऐवज

पॅरिस नगरीतील बुल्वार द्यु ताम्प्ल हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाटकगृहांचा आणि खेळतमाशांचा रस्ता म्हणून ख्यात होता. तेथील रंगमंचांवर खून-दरोड्यांची अतिरंजित नाटके नित्य चालत असल्यामुळे लोकांनी त्याला ‘गुन्ह्यांचा रस्ता’ असेच नाव ठेवले होते. अशा रस्त्यावर सकाळी आठाच्या सुमारास बग्ग्या, मालाच्या गाड्या, फेरीवाले आणि कामाला निघालेले कारागीर यांची किती वर्दळ असेल, हे कोणाही शहरवासीयास निराळे सांगावयास नको. तथापि १८३८ साली लुई दागेर याने आपल्या घराच्या खिडकीतून या रस्त्याची जी तसबीर रुपेरी पत्र्यावर उतरविली, तीत ना बग्गी आहे, ना घोडा, ना वाटसरू. दुतर्फा वृक्षांच्या रांगा उभ्या आहेत, उंच घरांच्या खिडक्या न् खिडक्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत, धुराड्यांच्या कडा कातीव आहेत, आणि या सर्वांच्या मधून तो प्रशस्त राजमार्ग, एखाद्या शापाने क्षणार्धात ओस पडावा तसा, निःशब्द पसरलेला आहे. फक्त खालच्या डाव्या बाजूला, पादपथाच्या कडेशी, एक माणूस एक पाय किंचित उचलून उभा आहे, आणि त्याच्या पायाशी वाकलेली दुसरी एक अस्पष्ट आकृती त्याच्या बुटांना पॉलिश करीत आहे.

या चमत्काराचे कारण मोठे साधे होते. दागेरची पद्धती अशी, की तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन तो आयोडिनच्या वाफेवर धरावयाचा, मग तो यंत्राच्या काळोख्या पेटीत ठेवून भिंगाचे झाकण काढावयाचे, आणि त्यानंतर पाऱ्याच्या वाफेने त्यावरील सुप्त प्रतिमा जागी करावयाची. भिंग उघडे ठेवण्याचा काळ त्या प्रारंभीच्या दिवसांत काही मिनिटांचा असे. आणि एवढ्या अवधीत जे जे चालते, धावते, वळते ते ते पत्र्यावर आपला ठसा सोडण्यापूर्वीच पुढे निघून जात असे. घरे थांबली म्हणून उमटली, झाडे थांबली म्हणून उमटली, आणि बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो एक अनामिक नागरिक थांबला म्हणून, ज्यांचे छायाचित्र उपलब्ध आहे अशा मनुष्यांत प्राचीनतम होण्याचा मान त्याला मिळाला. शेकडो माणसे त्या सकाळी त्या रस्त्याने गेली असतील. इतिहासात जो क्षणभर एका जागी राहिला तेवढाच राहिला.

पुढच्याच वर्षी, १८३९ च्या मार्च महिन्यात, तारायंत्राच्या कामासाठी पॅरिसमध्ये आलेला अमेरिकन चित्रकार सॅम्युअल मोर्स याने हे पत्रे पाहिले आणि आपल्या भावाच्या न्यूयॉर्कमधील वर्तमानपत्रासाठी त्यांचे वर्णन लिहून पाठविले. सदैव गजबजलेला रस्ता चित्रात पूर्णपणे सुना दिसतो, उभ्या माणसाचे पाय स्थिर असल्यामुळे नीट उतरले आहेत, पण त्याचे शरीर हलल्यामुळे ते तसे उतरले नाही, ही सूक्ष्म गोष्ट या चित्रकाराच्या नजरेतून सुटली नाही. त्याच भेटीच्या संदर्भातील एक योगायोग विलक्षण आहे: ८ मार्च रोजी दागेर मोर्सकडे परतभेटीला गेला असतानाच इकडे त्याचे ‘डायोरामा’ हे विशाल चित्रगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दागेर हा मूळचा रंगभूमीचे पडदे रंगविणारा. १८२२ पासून तो या चित्रगृहात प्रचंड पडद्यांवर प्रकाशाचे खेळ करून लोकांना दूरदूरची दृश्ये दाखवीत आला होता. तो रंगविलेला भास जळून गेला आणि पत्र्यावरचे सत्य उरले; परंतु ते सत्य पाहणाऱ्यास रंगविलेल्या भासाहूनही अधिक स्वप्नवत वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या लेखात मला जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज तेथेच आहे.

दागेरच्याही आधी, १८२६–२७ च्या सुमारास, निसेफोर न्येप्स याने आपल्या गावच्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतलेले चित्र, जे आज निसर्गातून घेतलेले सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र मानले जाते, ते तर याहूनही अद्भुत आहे. डांबराचा लेप दिलेल्या जस्ती रंगाच्या त्या कथलाच्या पत्र्याला निदान आठ तास उजेड द्यावा लागला असावा. त्या अवधीत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच चित्रात उजळून निघाल्या. सकाळ आणि संध्याकाळ एकाच वेळी जेथे नांदतात अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. कोणी स्वप्नदर्शी चित्रकाराने ती योजून काढली नव्हती. पत्र्याने केवळ प्रामाणिकपणे दिवसभराच्या उन्हाची बेरीज केली होती.

ही विद्या हिंदुस्थानात विलंब न लावता आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक कुशल छायाचित्रकार होते. तेव्हाच्या काचा दागेरच्या पत्र्याहून चपळ झाल्या होत्या. तरीही चालत्या माणसांना पकडण्याइतका वेग त्यांच्या अंगी आला नव्हता. म्हणून त्या पिढीच्या चित्रांत लंडन असो वा मुंबई, हमरस्ता पाहावा तो ओसच, आणि जेथे कोणी रेंगाळला तेथे धुक्याच्या पट्ट्यासारखे त्याचे भूत. आजचा प्रेक्षक ती चित्रे पाहून म्हणतो, ‘किती शांत होते ते शहर!’ हा दृष्टिभ्रम होय. शहर शांत नव्हते. काच सावकाश होती.

काचेची ही उणीव सरकारदरबारच्या एका गरजेला मात्र अचूक उपयोगी पडली. बॅरन ओस्मान हा १८५३ ते १८७० या काळात सेन प्रांताचा प्रीफेक्ट होता, आणि तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने त्याने मध्ययुगीन पॅरिसच्या अरुंद गल्ल्या जमीनदोस्त करून त्या जागी सरळ, रुंद राजमार्ग काढले. जे पाडावयाचे त्याची पाडण्यापूर्वी दप्तरी नोंद राहावी म्हणून शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराची योजना झाली. १८६२ पासून तो स्वतःस पॅरिस शहराचा छायाचित्रकार म्हणवू लागला, आणि नष्ट होऊ घातलेल्या गल्ल्यांची त्याने सव्वाचारशेच्या आसपास चित्रे घेतली. ओल्या फरसबंदीवर मध्यातून वाहणारे गटार, भिंतींवर एकावर एक चिकटवलेली जाहिरातपत्रे, कोपऱ्यावर दांड्या टेकून ठेवलेली हातगाडी, बियेव्हर नदीच्या काठावरची चामडी कमावण्याची घरे: असे सर्व काही त्यांत आहे, आणि माणूस जवळजवळ कोठेच नाही. ग्लासगो शहरातही १८६८ ते १८७१ या वर्षांत नगरसुधारणेच्या विश्वस्तमंडळासाठी टॉमस अ‍ॅनन याने कोंदट बोळांची अशीच चित्रे घेतली. तेथील माणसे मात्र कुतूहलाने यंत्रासमोर उभी राहिली आणि काही त्यांत अर्धवट हलल्यामुळे छायारूप होऊन राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाले आणि तेथेही दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्याचे सत्र सुरू झाले, याची आठवण मराठी वाचकास येथे झाल्यावाचून राहणार नाही. आधी वस्ती रिकामी करावयाची, मग ती पाडावयाची, हा सुधारणेचा जगभरचा क्रम आहे. छायाचित्र या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी घेतले जाते, आणि म्हणून त्यातील शांतता ही फाशी जाणाऱ्याच्या शेवटच्या रात्रीची शांतता असते.

शतकाच्या अखेरीस काचा इतक्या चपळ झाल्या की धावता घोडाही त्यांतून सुटेना. आता रिते चित्र घेण्याची सक्ती राहिली नाही. यापुढे जो रितेपण दाखवील तो ते निवडून दाखवील. याच सुमारास छायाचित्राला चित्रकलेच्या पंक्तीस बसविण्याची ईर्षा बाळगणारा एक संप्रदाय युरोप-अमेरिकेत उदयास आला. लंडनमध्ये १८९२ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली त्याची मंडळे निघाली. या मंडळींनी डिंकात रंग कालवून तो कागदावर चढविला, कुंचल्याने नको तो तपशील पुसला, धुके, पाऊस, बर्फ आणि तिन्हीसांजा यांचा आश्रय केला. त्यांची काही चित्रे खरोखरच मनोहर आहेत: आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने १९०२ साली रेल्वेच्या आवारात शिरणाऱ्या, धूर ओकणाऱ्या इंजिनाचे जे चित्र घेतले, त्यात रुळांचे चकाकते वळण आणि काळ्या धुराचा लोट यांना एखाद्या भव्य निसर्गदृश्याची प्रतिष्ठा लाभली, आणि कारखान्यांचा मुलूखही सौंदर्याला पारखा नाही हे प्रथमच इतक्या ठामपणे सिद्ध झाले. तरीपण पुष्कळांच्या बाबतीत असे झाले की चित्रासारखे दिसावे या हव्यासापायी छायाचित्राने आपला स्वतःचा गुण, म्हणजे साक्षीदाराचा गुण, गमावला. रंगाच्या कुंचल्याने जे साधले नाही ते एका फिरत्या, दरिद्री, कलावंत म्हणवून घेण्यासही नाखूश असलेल्या माणसाने साधले. त्याचे नाव यूजेन आत्जे.

आत्जेचा जन्म १८५७ साली लिबूर्न येथे झाला. बालपणीच आईबाप वारल्यामुळे आजाआजीने त्याला वाढविले. तारुण्यात त्याने जहाजावर चाकरी केली, पुढे नट होण्यासाठी पॅरिसच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळविला, पण शिक्षण पुरे झाले नाही, आणि गावोगावच्या नाटक मंडळ्यांतून दुय्यम भूमिका करीत हिंडत असता घशाच्या विकाराने तोही व्यवसाय सुटला. सरतेशेवटी त्याने छायाचित्रणाचा धंदा पत्करला आणि आपल्या दारावर जी पाटी लावली तिच्यावर एवढेच शब्द होते: ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’. चित्रकारांना झाड हवे, जिना हवा, दाराची कडी हवी, जुन्या गल्लीचे वळण हवे. ते त्याने पुरवावयाचे आणि त्याचा मोबदला घ्यावयाचा. ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये ही त्याची दुसरी गिऱ्हाइके. ओस्मानच्या तडाख्यातून जे काही जुने पॅरिस वाचले होते, त्याचा एकेक दरवाजा, एकेक अंगण, एकेक दुकान तो तीस-पस्तीस वर्षे टिपत राहिला.

त्याची साधने पाहिली म्हणजे या तपश्चर्येची कल्पना येते. भात्याची लाकडी पेटी, अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचा, त्यांच्या चौकटी आणि लाकडी तिवई, हे सारे ओझे तो पाठीवर घेऊन पायी किंवा गाडीने निघत असे. हातात धरण्याजोगी लहान यंत्रे बाजारात आली, इतरांनी ती उचलली; याने आपली पेटी सोडली नाही. इमारतीचा माथा चौकटीत आणण्यासाठी तो भिंग वर सरकवी, आणि भिंगाचा प्रकाश काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पुरा पोहोचत नसल्यामुळे त्याच्या कित्येक चित्रांत वरचे दोन्ही कोपरे काळसर, कमानीसारखे गोलावलेले दिसतात. दुसऱ्या कोणी तो दोष कापून टाकला असता. आत्जेने तो तसाच राहू दिला, आणि त्यामुळे रस्त्याकडे आपण जणू एखाद्या देवडीतून, उंबऱ्याच्या अलीकडे थबकून पाहत आहोत असा भास होतो. तो बहुधा पहाटे निघे. लोकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वीचा तो मंद, पसरट उजेड त्याला हवा असे. १९२५ साली त्याने सो येथील उजाड झालेल्या उद्यानाची चित्रमालिका घेतली, तीतील काही चित्रांवर महिन्याबरोबर सकाळी सात ही वेळही त्याने स्वहस्ते नमूद केली आहे. दागेरच्या रस्त्यावरची माणसे पत्र्याच्या मंदपणामुळे नाहीशी झाली. आत्जेच्या रस्त्यावर ती अजून झोपेतून उठावयाची आहेत.

त्याच १९२५ सालचे गोबेलँ मार्गावरील एका कपड्यांच्या दुकानाचे चित्र मी वरचेवर पाहत आलो आहे. काचेच्या आत सूटबूट घातलेले पुतळे उभे आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर कोरलेले प्रसन्न स्मित आहे, आणि अंगरख्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत. परंतु त्याच काचेवर समोरच्या बाजूची भव्य इमारत आणि झाडे यांचे प्रतिबिंब पडले आहे, आणि काचेला आत-बाहेर असा भेद ठाऊक नसल्यामुळे पुतळ्यांच्या छातीतून फांद्या उगवल्या आहेत व त्यांच्या मस्तकांमागे दगडी भिंत उभी राहिली आहे. रस्त्यावर माणूस नाही. जी माणसे आहेत ती विक्रीची आहेत. यात हातचलाखी कोणतीच नाही, कुंचला नाही, डिंक नाही, दोन काचांची जोड नाही. एका म्हाताऱ्या माणसाने दुकानासमोर तिवई रोवली आणि काचेने जे दाखविले ते सर्व, काहीही न गाळता, घेतले, इतकेच.

आत्जे राहत होता त्याच कांपान्य-प्रमिएर नावाच्या गल्लीत अमेरिकेहून आलेला मान रे हा तरुण चित्रकार-छायाचित्रकार राहत असे. आंद्रे ब्रेताँ याने १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला होता. बुद्धीचा पहारा झुगारून स्वप्नाला आणि योगायोगाला कलेत राज्य द्यावे असा त्याचा पुकारा होता, आणि मान रे त्या मंडळींपैकी एक होता. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याची काही डझन चित्रे विकत घेतली, आणि १९२६ च्या जून महिन्यात अतिवास्तववाद्यांच्या मुखपत्राच्या सातव्या अंकाच्या मुखपृष्ठावर आत्जेचे १९१२ सालच्या सूर्यग्रहणाचे चित्र छापले गेले. बास्तीयच्या चौकात जमाव आकाशाकडे काचा धरून पाहत आहे, आणि तो जे पाहत आहे ते चित्रात कोठेच नाही. ‘अखेरची धर्मांतरे’ असे नवे नाव अतिवास्तववाद्यांनी त्याला दिले. मान रे याने पुढे सांगितले त्याप्रमाणे, आत्जेने आपले नाव छापू नये अशी विनंती केली होती. आपण करतो ते केवळ दस्तऐवज आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मला त्यात खोटा विनय दिसत नाही. आपले काम काय आहे हे त्याला इतरांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते.

आता प्रश्न असा उद्भवतो, की जो दस्तऐवज करावयास निघाला त्याच्या हातून स्वप्न कसे निर्माण झाले, आणि जे स्वप्न करावयास निघाले त्यांच्या हातून पुष्कळदा नुसती कारागिरी का निर्माण झाली? जॉर्जो दे किरिको याने दहा-बारा वर्षे आधीच लांब सावल्यांचे, कमानींचे, निर्जन चौक रंगविले होते, तेव्हा ओस नगराचे गूढ चित्रकलेला अपरिचित होते असे नाही. परंतु रंगविलेला निर्जन चौक हा चित्रकाराने आपल्या मनातून आणलेला असतो. तो भयप्रद असला तरी त्याचे भय कोणाच्या तरी मालकीचे असते. छायाचित्रातील चौक असा कोणाच्या मनातला नसतो. तो खरोखर होता, त्या दिवशी होता, त्या घटकेला होता. आपण रोज त्यातून जातो तेव्हा गर्दीमुळे, घाईमुळे, ओळखीपाळखीच्या चेहऱ्यांमुळे आपल्याला तो दिसतच नाही. ती सर्व आवरणे बाजूला झाली आणि चौक एकटाच उरला म्हणजे परिचित गोष्ट अपरिचितासारखी समोर उभी ठाकते, आणि मग आपण जागे आहोत की निद्रेत याचा उलगडा होईनासा होतो. दस्तऐवज जितका चोख, तितका तो स्वप्नाच्या जवळ जातो. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३१ साली आत्जेच्या रित्या रस्त्यांना गुन्हा घडलेल्या जागेची उपमा दिली. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ही चित्रे म्हणजे पंचनामे आहेत. पंचनाम्यात जागेची लांबी-रुंदी असते, दाराची दिशा असते, पडलेल्या वस्तूंची यादी असते. जे घडले ते मात्र त्यात लिहिलेले नसते, ते वाचणाऱ्याने ताडावयाचे असते. दागेरने ज्याचे चित्र घेतले त्या ‘गुन्ह्यांच्या रस्त्या’ला शंभर वर्षांनी हा असा नवा अर्थ लाभला.

आत्जेने १९२० साली आपल्या संग्रहापैकी २६२१ काचा फ्रेंच सरकारास दहा हजार फ्रँकला विकल्या. १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो वारला तेव्हा उरलेल्या संग्रहाचे काय झाले असते ते सांगवत नाही; परंतु मान रे याच्याकडे पूर्वी मदतनीस असलेल्या बेरेनिस अ‍ॅबट या तरुणीने पदरमोड करून आणि इतरांचे साहाय्य मिळवून तो १९२८ साली विकत घेतला, अटलांटिकपार नेला, चाळीस वर्षे सांभाळला आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या स्वाधीन केला. आत्जेच्या मृत्यूपूर्वी काही महिनेच तिने त्याची स्वतःची छबी घेतली होती. ती दाखवावयास ती गेली तो म्हातारा निघून गेलेला होता. सबंध आयुष्य रित्या जागांची नोंद करणाऱ्याची जागाच तिला रिती आढळली. पुढे १९३० नंतर तिने न्यूयॉर्क शहराचे बदलते रूप त्याच निष्ठेने टिपले, हे गुरुऋण फेडण्यासारखेच होते.

विसाव्या शतकात ही दृष्टी नगराकडून कारखान्यांकडे वळली, आणि येथे तिची परीक्षा अधिक कठीण झाली. १९२७ साली चार्ल्स शीलर या अमेरिकन चित्रकाराने फोर्ड कंपनीच्या रिव्हर रूज येथील अवाढव्य मोटारकारखान्याची छायाचित्रे जाहिरातीसाठी घेतली, आणि नंतर त्यांच्याच आधारे तैलचित्रेही रंगविली. एकमेकांना छेदून जाणारे वाहकपट्टे आणि मागे आकाशात रांगेने उभी असलेली धुराडी यांचे त्याचे चित्र एखाद्या देवालयाच्या शिखरांचे दर्शन घडवावे इतके उदात्त आहे. परंतु त्या काळात तेथे सत्तर हजारांहून अधिक माणसे राबत होती, आणि चित्रांत ती जवळजवळ दिसत नाहीत. दागेरच्या रस्त्यातून माणसे गेली ती पत्र्याच्या असमर्थतेमुळे. येथून ती गेली ती यंत्राच्या स्तुतीला त्यांची आवश्यकता वाटली नाही म्हणून. चित्राच्या सौंदर्याला मी मनापासून नमन करतो. पण या दोन रितेपणांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे न सांगणे म्हणजे त्या राबणाऱ्या माणसांना दुसऱ्यांदा पुसून टाकणे होय.

याच्या उलट टोकाला बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य आहे. बेर्न्डचा जन्म जर्मनीतील झीगेन या खाणींच्या मुलखात झाला. लहानपणापासून पाहिलेली एक खाण बंद होऊन पाडली जाऊ लागली, तेव्हा तो तिची चित्रे हाताने रेखाटू लागला. पण पाडणाऱ्यांचे हात रेखाटणाऱ्याच्या हातापेक्षा जलद निघाले, आणि मग त्याने यंत्र हाती घेतले. १९५९ पासून पुढे कित्येक दशके त्या दोघांनी रूरच्या खोऱ्यात आणि पुढे फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंड, अमेरिका येथे पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, वायूच्या टाक्या आणि खाणीत पाळणे सोडणारे सांगाडे यांची चित्रे घेतली. सावली पडू नये म्हणून ते ढगाळ दिवसाची वाट पाहत, यंत्र उंचावर चढवीत, इमारत समोरासमोर आणि चौकटीच्या मधोमध घेत, आणि मग एकाच जातीच्या वास्तूंची चित्रे ओळींनी मांडीत. बारा पाण्याच्या टाक्या शेजारी शेजारी पाहिल्या म्हणजे प्रत्येकीची ठेवण, प्रत्येकीचा स्वभाव निराळा दिसू लागतो. कुणी अनामिक लोहाराने, कुणी कारखान्याच्या अभियंत्याने केवळ गरजेपोटी केलेली ही कामे शिल्पांच्या तोडीची आहेत हे तेव्हा उमगते. १९७० साली त्यांनी आपल्या ग्रंथाला ‘अनामिक शिल्पे’ असे नाव दिले, आणि १९९० च्या व्हेनिस येथील प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले तेही छायाचित्रणाचे नव्हे, शिल्पकलेचे. त्यांच्याही चित्रांत माणूस नाही. परंतु तेथे तो वगळलेला नाही. त्याच्या हातच्या कामाला पुढे बसवून तो मागे उभा राहिलेला आहे.

इंग्लंडच्या मायकेल केना याने १९८० नंतरच्या काळात नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ येथील वीजकेंद्राची चित्रे पहाटे आणि रात्री, भिंग दीर्घ काळ उघडे ठेवून घेतली. चपळ काचांच्या युगात त्याने दागेरचा सावकाशपणा स्वेच्छेने पुन्हा पत्करला. आठ प्रचंड शीतक मनोरे धुक्यातून वर येतात, त्यांतून निघणारी वाफ लांबलचक क्षणांत विरघळून रेशमासारखी होते, आणि पाहणाऱ्यास वाटते की हे कोणा विस्मृत लोकांचे स्तूप असावेत. तेव्हा ते केंद्र धडधडत होते. २०२४ च्या ३० सप्टेंबर रोजी ते बंद झाले, आणि ब्रिटनमधील कोळशावर चालणारे ते अखेरचे वीजकेंद्र ठरले. स्तूपाचा भास चाळीस वर्षांनी वस्तुस्थिती होऊन बसला.

हे सारे वाचताना माझ्या मनासमोर परळ-लालबागची धुराडी उभी राहतात, आणि त्यांना टाळून हा विषय पुरा करणे मला शक्य नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढलेली मुंबईची पहिली सूतगिरणी १८५६ साली चालू झाली, आणि पुढील सव्वाशे वर्षे कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे भोंग्याच्या आवाजावर उठली आणि भोंग्याच्या आवाजावर निजली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही, आणि गिरणगाव हळूहळू ओस पडत गेला. कित्येक वर्षांनी एका छायाचित्रकार स्नेह्याबरोबर मी तेथील एका बंद गिरणीच्या साचेखात्यात गेलो होतो. साचे भंगारात गेलेले; ते जेथे जखडलेले होते तेथे फरशीवर बोल्टांच्या भोकांच्या सरळ रांगा, आणि दोन रांगांच्या मध्ये, विणणाऱ्यांच्या येरझाऱ्यांनी गुळगुळीत झालेली, मधोमध किंचित खोलगट पडलेली वाट. तुळयांवर कापसाची तूस अजून जाळ्यांसारखी लोंबत होती. छपराच्या उत्तरेकडील काचांतून येणारा उजेड अगदी आत्जेच्या पहाटेचा होता.

उजेड मंद, म्हणून भिंग अर्धा मिनिट उघडे ठेवणे भाग होते. दाराशी एक वृद्ध पहारेकरी होता. तो याच खात्यात तीस वर्षे साच्यावर होता असे बोलता बोलता कळले. स्नेह्याने त्याला विचारले, “काका, तुम्ही त्या खिडकीपाशी जरा उभे राहाल का? पण हलायचं नाही हं.” म्हातारा म्हणाला, “आता कशाला हलतो बाबा? पाळीत असताना उभं राहायला फुरसत नव्हती, चार पावलं इकडं नि चार तिकडं, दिवसभर.” आणि तो त्या गुळगुळीत वाटेवर जाऊन उभा राहिला.

ते चित्र आज माझ्यासमोर आहे. दालन ओस आहे, उजेड पाण्यासारखा पसरला आहे, भोकांच्या रांगा दूरवर एका बिंदूत मिळतात, आणि एका बाजूला ती लहानशी आकृती, डोक्यावरच्या टोपीसकट, स्वच्छ उमटली आहे. येथे साचे चालू असताना कोणी सावकाश काचेने चित्र घेतले असते तर तो त्यात आला नसता. चार पावले इकडे, चार पावले तिकडे, असा तो काचेवरून पुसला गेला असता. त्याला थांबविण्यात आले, तेव्हा तो दिसला. बुल्वार द्यु ताम्प्लवरच्या त्या पहिल्या माणसाप्रमाणे त्याचेही पाय आधी नजरेत भरतात, कारण ते अगदी स्थिर आहेत.